सव्वा महिन्याचं पाणी

माझ्या जावेच्या पोराला सव्वा महिना पूर्ण होणार होता, आणि त्या दिवशी त्याच्या ओठाला नदीचं पाणी मी लावायचं, असं सासूनं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? त्या नदीत रोज काय येतं आणि कुठून येतं हे आमच्या घरात फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि माझ्या नवऱ्याला. आणि आम्ही दोघं सहा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि असली भानगड करून बसली.

माझं माहेर खुलताबादचं. वडलांचं तिथं छोटं दुकान. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि शहराबाहेर सांडपाण्याचा प्लँट आहे, तिथल्या लॅबमध्ये लागले. सांडपाणी म्हणजे अख्ख्या शहराच्या संडास-मोऱ्यांतून जे वाहत येतं ते. गुळमुळीत बोलून काय उपयोग. लग्नाचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, पोरगी कुठं आहे कामाला? वडील म्हणाले, "पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये. शहर जे पाणी पितं ते आधी हिच्या हाताखालून जातं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. माझे वडील लबाड माणूस नाहीत. ते भ्याले, एवढंच. पण असं धडधडीत खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि ट्रे घेऊन गुमान पुढं गेले.

नवऱ्याला मी लग्नाआधीच खरं सांगितलं. क्रांती चौकाजवळच्या एका रसवंतीवर बसून सांगितलं. त्यानं रस संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मला काय फरक पडत नाय. पण आईला आत्ता नको सांगू. दिवाळी होऊ दे." ती दिवाळी झाली. मग संक्रांत होऊ दे, मग धाकट्या भावाचं लग्न होऊ दे, मग त्याच्या बायकोचे दिवस नीट जाऊ दे. माझ्या नवऱ्याला कॅलेंडरात एकसुद्धा बरा दिवस सापडला नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. सासू विटाळाची कडक. गावातलं गटार उपसायला येणाऱ्या माणसाला ती वरून, लांबून, ओंजळीत पाणी ओतायची. ते बघून माझ्या घशाशी आलेले शब्द परत आत जायचे.

बरं, खोटं बोलून भागत नाही, ते सांभाळावं लागतं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काय नव्यानं सांगायला नको. सासरचा प्रत्येक पाहुणा मला फोन करायचा. "वहिनी, आमच्या गल्लीला कधी सोडणार?" करमाडला दिलेल्या चुलतनणंदेचं शहरात एक घर होतं, तिचे भाडेकरूसुद्धा माझा नंबर घेऊन बसलेले. शेवटी मी एक खरा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस गाठला, त्याच्याशी ओळख वाढवली, आणि रोज सकाळी त्याच्याकडून कुठल्या भागाला कधी पाणी आहे ते विचारून घ्यायला लागले. म्हणजे एक नोकरी प्लँटवर, आणि दुसरी ह्या थापेची. गावात माझं नाव पडलं पाणीवाली. कुणी "पाणीवाली आली" म्हटलं की सासूची मान ताठ व्हायची, आणि माझी आतल्या आत खाली जायची.

सगळ्यात जास्त कशानं जीव गुदमरला सांगू? चांगलं काम करायचं आणि ते सांगायची चोरी. आमच्या प्लँटवर पाणी येतं तेव्हा ते काळं असतं. आधी जाळीला पुड्या, चिंध्या, केस, नारळाच्या शेंड्या अडकतात. मग रेती खाली बसते. मग ते मोठ्या टाक्यांत जातं, आणि खरं काम तिथं होतं. तिथं जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते ही सगळी घाण खातात. त्यांना फक्त हवा लागते, म्हणून ब्लोअर नावाचं मोठं यंत्र टाकीच्या तळातून दिवसरात्र बुडबुडे सोडत असतं. खाऊन जड झाले की ते तळाला बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. माझं काम म्हणजे त्या टाकीतलं पाणी उंच काचेच्या भांड्यात भरायचं आणि अर्धा तास समोर बसून गाळ कसा बसतो ते बघायचं. ताक ठेवल्यावर वर निवळी येते, तसं. गाळ झटकन बसला तर जिवाणू ठणठणीत. तरंगत राहिला तर कुठंतरी बिनसलंय. वरचं पाणी क्लोरीन देऊन नदीत सोडायचं. नदीला चालतं ते, शेताला चालतं, माशांनाही चालतं. माणसाच्या तोंडात ते जायचं नाही, एवढंच.

मी त्या कामात जीव ओतला. आणि आमची नदी खरंच सुधारली. मी लग्न होऊन आले तेव्हा गावाजवळची नदी काळी होती, फेस यायचा, गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. प्लँट नीट चालायला लागला तसं पाणी निवळत गेलं. बगळे आले, बारके मासे आले. उन्हाळ्यात तर नदीत दुसरं पाणीच नसतं, जे वाहतं ते सगळं आमच्या टाक्यांतून आलेलं. गाव म्हणायचं, नदीला परत झरे फुटले. सासू म्हणायची, पाण्यातल्या देवी, आसरा, प्रसन्न झाल्या. मी बाजूला उभी राहून भाजी निवडत असायचे. एकदा वाटलं, ओरडून सांगावं की बायांनो, हे मी केलंय. नाही सांगितलं.

आणि ह्या सुधारण्यातूनच माझा गळफास तयार झाला. आमच्या सासरी बाळंतीण सव्वा महिन्यानं पाण्याची पूजा करते. काठावर सात खडे मांडायचे, त्या साती आसरा. त्यांना हळदकुंकू, घुगऱ्या, नारळ. मग तांब्यात तिथलं पाणी घ्यायचं आणि बाळाच्या ओठाला एक थेंब लावायचा, म्हणजे पाण्याची आणि पोराची ओळख होते. पूर्वी हे नदीवर व्हायचं. नदी काळी पडल्यावर गावानं ते विहिरीवर नेलं. आता नदी निवळली, तर सासू म्हणाली, "आपल्या घरातलं पोर नदीवरच न्यायचं. आणि पाणी पाणीवालीच्या हातानं लागंल. शहराला पाजती, मग घरच्या लेकराला नगं?"

मी त्या रात्री नवऱ्याकडे बघितलं. तो शेंद्र्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "एक थेंब तर आहे." मी म्हटलं, तुझ्या जिभेवर ठेवून बघ मग. त्यानं दिवा बंद केला.

त्या लेकरावर माझा जीव होता. जाऊ दवाखान्यातून आली तेव्हा तिला ताप होता, पहिले आठ दिवस पोर माझ्याच छातीशी होतं. सव्वा महिन्याचं पोर म्हणजे काय असतं? मूठभर. त्याच्या पोटात नको ते गेलं तर ते काही सांगू शकत नाही, नुसतं सुकत जातं. म्हणून मी माझ्या परीनं उपाय काढला. आदल्या संध्याकाळी पाणी खळखळून उकळलं, गार केलं आणि बाटलीत भरून ओटीच्या पिशवीत खणाखाली ठेवलं. काठावर वाकायचं, पदर पुढं घ्यायचा आणि तांब्यात नदीऐवजी बाटली रिकामी करायची. साधं होतं. मला वाटलं, सहा वर्षं निभावलं तर हे पाच मिनिटांचं काय.

सकाळी आम्ही निघालो. जाऊ, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, सासू, आणि शेजारपाजारच्या सात-आठ बायका. चैत्राचं ऊन आठ वाजताच चटकायला लागलेलं. वेशीपाशी माझा फोन वाजला. प्लँटवरचा ऑपरेटर.

"मॅडम, पहाटे लाइट गेली. जनरेटर सुरूच होईना. ब्लोअर बंद पडले. पाणी वस्तीत उलटं चढायला लागलं म्हणून बायपासचं गेट उघडलं मी."

बायपास म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. शहराचं पाणी टाक्यांत न घेता तसंच, कच्चं, नदीत सोडायचं. ते उघडलं नसतं तर लोकांच्या संडासांतून घाण वर आली असती. त्यानं बरोबर केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी विचारलं, किती वेळ झाला? तो म्हणाला, तीन तास होत आले. आमच्या गावापर्यंत पाणी यायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

"कुणाचा गं?" सासूनं विचारलं.

"ऑफिसचा."

"पाणी आलं नाय का कुणाला?"

"आलंय," मी म्हणाले. "सगळ्यांना आलंय."

मी नवऱ्याला फोन लावला. शिफ्टला गेला की त्याचा फोन लॉकरमध्ये असतो, हे माहीत असूनही दोनदा लावला. मग सासूला म्हटलं, ऊन लई आहे, बाळाला सोसायचं नाही, विहिरीवर करू या. ती थांबलीसुद्धा नाही. "नदी असताना हिरीवर कशाला? डोक्यावर पदर घे म्हणावं तिला." मग माझ्या डोक्यात दुसरं आलं. मला अडचण आली, एवढंच म्हणायचं होतं. पाळी आलेल्या बाईला पूजेत कुणी घेत नाही. मी तिथूनच मागं फिरले असते, एकीनंही चकार शब्द काढला नसता. अगदी ओठावर आलं होतं. पण मी फिरले तर तांब्या दुसरीच्या हातात गेला असता, एवढंच झालं असतं. सुटका माझी झाली असती, त्या पोराची नाही. म्हणून पिशवीतल्या बाटलीच्या भरवशावर चालत राहिले. चिडले होते मी, वडलांवर, नवऱ्यावर, त्या जनरेटरवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

काठावर पोचलो. पाणी रोजच्यासारखं नव्हतं. किंचित राखट. बाकी कुणाला ते जाणवलं नसतं, पण मी रोज अर्धा अर्धा तास पाण्याचा रंग बघणारी बाई. सासूनं सात खडे धुतले, मांडले, हळदकुंकू वाहिलं. मी पिशवी शोधायला वळले तर पिशवी शेजारणीच्या हातात. तिनं नारळ काढायला हात घातला आणि खालून माझी बाटली बाहेर काढली.

"बरं केलं बाई, प्यायला पाणी आणलं. घसा कोरडा पडलाय."

ती प्याली. तिनं पुढं दिली. ती बाटली अशी हातोहात फिरली, आणि माझं उकळलेलं पाणी सात बायकांच्या पोटात गेलं. रिकामी बाटली माझ्याकडे परत आली तेव्हा एकजण म्हणाली, "पाणीवालीच्या घरचं पाणी गोडच." सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

मग सासूनं नारळ फोडला, गुडघाभर पाण्यात उतरली, ओंजळ भरली, डोळे मिटले आणि प्याली. प्रत्येक पूजेला ती हे करते. मी तिच्या शेजारी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी पाण्याकडं बघितलं, तिच्या ओंजळीकडं बघितलं आणि मनात हिशेब केला, की वरचं पाणी अजून पुरतं पोचलेलं नसेल, ओंजळभरानं काय होतंय, म्हातारं हाडपेर आहे, पचवेल. एवढं सगळं मी एका क्षणात मनाला समजावलं. ती पाणी पिऊन वर आली, ओला हात तोंडावरून फिरवला आणि मला तांब्या दिला. भरलेलाच दिला.

"घे. लाव लेकराला."

जावेनं दुपट्याचं टोक बाजूला केलं. पोर जागं होतं, उन्हानं डोळे बारीक करून ओठ चोखत होतं. मी तांब्यात बघितलं. तळाशी बारीक काळे कण फिरत होते. माझ्या हातातून तांब्या सुटला. मुद्दाम सोडला, खोटं कशाला बोलू आता. तांब्या खडकावर आपटला, बायका "अगं अगं" म्हणाल्या, आणि शेजारणीनं तो पटकन उचलून परत बुडवला, भरला आणि माझ्या हातात दिला. आता तिच्या मागून पाण्यावर फेसाचे पांढरट पुंजके येत होते.

"सटकला गं हिच्या हातनं," कुणीतरी म्हणालं. "भुकेली असंल."

सासूनं माझं मनगट धरलं, आधार द्यायला. तिच्या हाताबरोबर माझा हात पुढं सरकायला लागला. माझं बोट ओलं होतं. पोरानं तोंड उघडलं, त्याला वाटलं दूध आहे. माझ्या आयुष्यात मला इतकं कोंडल्यासारखं कधी झालेलं नाही. मागं सासू, पुढं जाऊ, दोन्ही बाजूंना बायका, आणि मधे ते उघडं तोंड.

"नका लावू," मी म्हणाले. "ह्या पाण्यात शहराची घाण आहे. आज आमचा प्लँट बंद पडलाय."

"कुठला प्लँट?" जावेनं विचारलं.

"संडासाचं पाणी साफ करायचा. मी तिथं कामाला आहे. पहिल्यापासून तिथंच. पाणीपुरवठा नाही, काही नाही. नदीत येतं ते सगळं आमच्याकडून येतं. रोज स्वच्छ करून येतं. आज तसंच आलंय."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, तो झाला असता तर बरं झालं असतं. जावेनं पोर छातीशी ओढलं आणि दोन पावलं मागं गेली. पाण्यापासून मागं गेली का माझ्यापासून, ते मला अजून कळलेलं नाही. एक बाई हळूच पदराला हात पुसायला लागली. शेजारीण माझ्या रिकाम्या बाटलीकडं बघत राहिली. सासूनं माझं मनगट सोडलं, तांब्या घेतला, उपडा केला आणि घुगऱ्यांचं ताट उचलून चालायला लागली. तिच्या मागं सगळ्या गेल्या. मी शेवटी. वाटेत मी ऑपरेटरला फोन केला. तो म्हणाला, इलेक्ट्रिशियन आलाय, तासाभरात ब्लोअर सुरू होतील, पण टाकीतले जिवाणू गुदमरलेत, पाणी नीट व्हायला दोन-चार दिवस जातील. मी म्हटलं, मी दुपारी येते.

घरी आल्यावर जाऊ बाळाला घेऊन तिच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. सासू मागच्या दारी बसून चुळा भरत होती. एक भरली, थुंकली, परत भरली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत जायची हिंमत नव्हती. ती काय काय म्हणेल हे मी सहा वर्षं मनात म्हणून बघितलं होतं. चुलीला शिवू नको म्हणेल. तुझ्या बापानं फसवलं म्हणेल. त्या प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं, पाठ केलेलं. नोकरी मानाची आहे, मी नसते तर तुमची नदी काळीच राहिली असती, असलं सगळं. आज ते भांडून सांगायची माझी तयारी होती.

ती आली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"कामाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "काम कुठलंबी असंल. तुझा बाप खोटं बोलला, तेबी ऱ्हाऊ दे. मला येकच सांग. लेकराच्या टायमाला तोंड उघडलंस, बरं केलंस. पण त्याच्या आधी मी वंजळभर पिले. तू माझ्या बाजूलाच हुभी व्हतीस. मला का नाय आडवलं?"

वडलांनी एक खोटं बोलल्यापासून मी किती बोलले असेन त्याची गणतीच नाही. फोनवर, अंगणात, लग्नकार्यात, कुणी काही विचारायच्या आत माझ्या तोंडात काहीतरी तयार असायचं. तिच्या ह्या एका प्रश्नाला मला खोटंसुद्धा सुचलं नाही. ती उत्तराची वाट बघत तिथंच बसून राहिली, आणि मी उंबऱ्याबाहेर उभी.